२१ रात्री, मेल वॉर्ड आणि दवाखान्यातल्या विनोदी मालिका

तापीकाठ (धागा काढणारा)

राम राम मंडळी.

मागच्या चैत्रात वडिलांना किडनीच्या दुखण्यासाठी २१ रात्री दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आम्ही त्यांना नाना म्हणतो. बाहेर ४५ अंशांचं ऊन आणि आख्ख्या वॉर्डाला तीन पंखे. त्यातला एक नानांच्या खाटेवर आला, तेव्हा शेजारच्या खाटेवाल्यांनी आमचं अभिनंदन केलं होतं. रात्री मोठे दिवे मालवले की नातेवाइकांची ड्युटी सुरू व्हायची. सलाईन संपत आलं का बघायचं, लघवीची पिशवी बघायची, उरलेला वेळ खाटेखाली सतरंजीवर पडून राहायचं. झोप लागायची नाही. पुण्याच्या भाच्यानं मोबाईलमध्ये एक अमेरिकन मालिका भरून दिली होती, 'स्क्रब्ज'. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान नानांकडे, अशी मी ती पाहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००१ ते २०१० अशी नऊ सीझन चाललेली ही मालिका. सेक्रेड हार्ट नावाच्या कल्पित दवाखान्यात तीन नवे डॉक्टर येतात: जेडी, टर्क आणि इलियट. त्यांच्यावर सतत करवादणारे डॉक्टर कॉक्स, सगळ्यांना सांभाळून घेणारी सिस्टर कार्ला, जेडीच्या मागे हात धुऊन लागलेला सफाई कामगार. पहिल्या आठ सीझनचं शूटिंगही एका बंद पडलेल्या खऱ्या दवाखान्यात व्हायचं. म्हणून असेल, पण त्या पॅसेजमधून चालताना मला फिनेलचा वास येतोय असं वाटायचं.

चौथा भाग पाहिला ती रात्र अजून आठवते. सुरुवातीलाच सांगतात, या दवाखान्यात दाखल होणाऱ्या तिघांपैकी एक जण मरतो. तिघा डॉक्टरांचे तीन पेशंट, त्यामुळे यातला कोण जाणार याचा अंदाज आपण बांधत बसतो. शेवटी तिघंही जातात. त्यातली जेडीची पेशंट एक म्हातारी आहे. तिच्या किडन्या गेल्यात आणि ती डायलिसिसला नाही म्हणते. हा पोरगा घाबरून तिच्यापुढे यादीच ठेवतो, हे बघायचं राहिलंय, ते करायचं राहिलंय. तिचं बहुतेक सगळं करून झालेलं असतं. मरायला निघालेली म्हातारीच त्या डॉक्टरला धीर देते.

नानांचं पहिलं डायलिसिस दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

मी मोबाईल बंद केला तर वरून आवाज आला, "काय देखी ऱ्हायना रे?" (काय बघतोयस रे?) नाना जागेच होते. खोटं बोलायचं सुचलं नाही. सगळी गोष्ट आमच्या अहिराणी बोलीत सांगितली, शेवटासकट. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, तिचं सगळं बघून झालं होतं, माझं कुठं झालंय, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नातीला झोक्यावर बसवायचंय.

सकाळी डायलिसिस झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त घ्यायला आलेल्या पोराला ते म्हणाले, "मना हातनी चायनी करी टाकी तुम्हीन!" (माझ्या हाताची चाळणी करून टाकलीत तुम्ही!) तो पोरगा हसला, शेजारची खाट हसली, दाराशी उभी असलेली मावशी, म्हणजे वॉर्डातली आया, हसली. त्या हसण्यानं वॉर्डाची हवा पालटली, ती कशी, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

म्हणून हा धागा. चांगल्या दवाखाना-मालिकेत हसवतो कोण आणि हसू येतं कुणाचं? मला वाटतं, खाटेवरचा माणूस स्वतः विनोद करू शकतो, त्याच्यावर मात्र करायचा नसतो. 'स्क्रब्ज'नं हे बहुतेक वेळा पाळलंय. तुम्ही काय पाहिलंय, तुमचा अनुभव काय, लिहा. आणि आपल्याकडे अशी मालिका का नाही, हेही लिहा.

---

रातपाळी३४

भाऊ, आधी नानांची तब्येत कळवा. मग पुढचं.

माझी ३४ वर्षं सरकारी नोकरीत गेली, स्टाफ नर्स म्हणून लागले आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांत. तुम्ही लिहिलेला तो भाग मुलीनं मला काल दाखवला. त्यातल्या दुसऱ्या पेशंटबद्दल तुम्ही लिहिलं नाही. तिला फक्त स्पॅनिश येतं आणि डॉक्टरणीला स्पॅनिश येत नाही. मध्ये कार्ला उभी राहते आणि इकडचं तिकडे सांगते. अहो, ही तर आमची रोजची ओपीडी!

बाहेरगावचे इंटर्न यायचे. हुशार पोरं, पण अहिराणी कानावरून कधी गेलेली नाही. एकदा शिरपूरकडची एक आजी आली आणि म्हणाली, "गया दुखस." मुंबईचा पोरगा गोंधळला. आपल्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो हे त्याला कुठून माहीत असणार? त्याला वाटलं, कुणीतरी गेलंय आणि म्हातारी त्या दुःखात आहे. खुर्ची सोडून तिच्याजवळ गेला, हात धरला आणि विचारलं, "कोण गेलं, आजी?" मी म्हटलं, डॉक्टर, गळा. गळा दुखतोय त्यांचा.

तो लाजला, पण आजी त्या हात धरण्यावर इतकी खूश झाली की तीन दिवसांनी मुद्दाम त्यालाच दाखवायला आली. दारातूनच ओरडली, "डॉक्टर, आजून कोनीच गयं नही, गया आठेच शे!" (अजून कुणीच गेलं नाही, गळा इथेच आहे!) सगळी लाईन हसली. तो पोरगा नंतर वर्षभर आमच्याकडे होता. जाताना बऱ्यापैकी अहिराणी बोलत होता. आजी गेली तेव्हा (खरंच गेली, पुढच्या पावसाळ्यात) तोच ड्युटीवर होता.

मालिकेत हे असं दाखवायला हवं. पेशंटच्या भाषेला हसायचं नाही. भाषा न कळणाऱ्याची जी तारांबळ उडते तिला हसायचं, आणि तेही तो शिकतोय म्हणून.

---

जिभाऊ_पारोळा

मला हा विषय पटत नाही. स्पष्टच लिहितो, राग मानू नका.

सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला रात्री दोन वाजता एका दवाखान्यात नेलं. मोटारसायकलचा अपघात. स्ट्रेचर आम्हीच ढकललं. काउंटरवर दोघं जण एका मोबाईलमध्ये काहीतरी बघून हसत होते. केसपेपर काढा म्हणाले आणि परत हसले. आमच्याकडे बघून हसले नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते हसू माझ्या कानातून सहा वर्षांत गेलेलं नाही. भाऊ पहाटे गेला.

आई आजही टीव्हीवर दवाखाना दिसला तर उठून आत जाते. दवाखान्याला विनोदाचा विषय करणाऱ्यांनी एकदा त्या बाकावर बसून बघावं.

---

मेहरूणकर

जिभाऊ, तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. उत्तर म्हणून लिहीत नाही, पण तुम्ही म्हणता तोच प्रश्न एका जुन्या मालिकेपुढे आला होता, ते सांगतो.

'मॅश' १९७२ ते १९८३ चालली. कोरियन युद्धातलं फिरतं लष्करी रुग्णालय, ४०७७ नंबरचं. तंबूत ऑपरेशनं, बाहेर हेलिकॉप्टरमधून उतरवलेले जखमी. खरं युद्ध तीन वर्षांत थांबलं, मालिका मात्र ११ सीझन चालली. त्या काळी अमेरिकेत विनोदी मालिकांवर पार्श्वभूमीला रेकॉर्ड केलेला हशा वाजवायची पद्धत होती. लेखक लॅरी गेलबार्ट यांना तो नको होता, वाहिनी ऐकेना. शेवटी तडजोड झाली: ऑपरेशन थिएटरच्या प्रसंगांत हशा वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनं तर तो हशा काढूनच मालिका दाखवली.

यातलं मला जे भिडतं ते असं. ऑपरेशन करताना ते डॉक्टर विनोद करतच असतात. रक्तानं भरलेले हात, समोर पोट उघडलेला विशीतला पोरगा, आणि हॉकाय नावाचा सर्जन काहीतरी बोलतो. पण आपल्याला कुणी 'आता हसा' म्हणून सांगत नाही. ते बोलणं त्यांचं त्यांच्यात राहतं, आपण दाराशी उभं राहून ऐकल्यासारखं. जिभाऊंच्या कानात जे हसू राहिलं, ते मला वाटतं दाराबाहेर सांडलेलं हसू होतं.

१९७५ मधला तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग मिळाला तर बघा. कर्नल हेन्री ब्लेक सुट्टी होऊन घरी निघतो. निरोप, चेष्टामस्करी, सगळं मजेत. मग रेडार नावाचा कारकून थिएटरमध्ये येतो, तोंडाला मास्कही न लावता, आणि कागद वाचतो: हेन्रीचं विमान समुद्रावर पाडलं, कुणी वाचलं नाही. कुणी रडायला थांबत नाही, कारण टेबलावर पेशंट आहे. हत्यारांचा आवाज येत राहतो. विनोदी मालिकेनं असं करावं का, म्हणून तेव्हा प्रेक्षकांनी रागानं पत्रं पाठवली होती. मला वाटतं, तसं केलं म्हणूनच आधीच्या सगळ्या हसण्याला किंमत आली.

---

रातपाळी३४

जिभाऊ, तुम्हाला उत्तर देणं माझं काम आहे असं वाटतं, कारण त्या काउंटरच्या आतल्या बाजूला मी आयुष्य काढलंय.

त्या दोघांचं चुकलं. त्यावर सारवासारव करणार नाही. समोर स्ट्रेचर आल्यावर मोबाईल खाली ठेवायला हवा होता आणि उठून उभं राहायला हवं होतं.

पण आम्हीही हसायचो, हे कबूल करते. आमची चेंजिंग रूम होती, दीड खाटेएवढी. रात्री एखादं लेकरू हातातून गेलं की आम्ही तिघी-चौघी तिथे जायचो, दार लावायचो. आधी कुणी बोलायचं नाही. मग एखादी काहीतरी वेड्यासारखं बोलायची, डॉक्टरांच्या पायातल्या दोन वेगवेगळ्या चपलांबद्दल नाहीतर डब्यातल्या खारट भाजीबद्दल, आणि आम्ही पोट धरून हसायचो. हसता हसता एकीला रडू फुटायचं. पाच मिनिटं. मग तोंड धुऊन बाहेर, कारण सकाळी सहाची इंजेक्शनं थांबत नाहीत. ती पाच मिनिटं नसती तर ३४ वर्षं मला झेपली नसती.

दार लावायला आम्हाला आमच्या पहिल्या इन्चार्ज बाईंनी शिकवलं होतं. नव्या पोरींना मी शिकवलं. त्या दोघांना कुणी शिकवलं नसेल.

आईंना माझा नमस्कार सांगा.

---

बट्टी_वरण

वाचतोय. सिस्टर, हे कुठेतरी सविस्तर लिहून ठेवा, विनंती आहे.

---

अक्राणी_मुक्काम

मी वैद्यकीय अधिकारी आहे, सध्या धडगाव तालुक्यात. इथे नेटवर्क मिळेल तसं लिहितोय.

'ग्राम चिकित्सालय' ही हिंदी मालिका २०२५ मध्ये आली, पाच भागांची. शहरातला सुवर्णपदकवाला डॉक्टर भटकंडी नावाच्या गावातल्या आरोग्य केंद्रात येतो आणि त्याच्याकडे पेशंटच येत नाहीत. सगळे गावातल्या झोलाछाप, म्हणजे बिनपदवीच्या, डॉक्टरकडे जातात. ते काम विनय पाठकनी केलंय, आणि छान केलंय, कारण तो माणूस नुसता लबाड दाखवलेला नाही. लोक त्याच्याकडे जातात कारण तो त्यांच्याशी बोलतो, त्यांना वेळ देतो. माझ्या पहिल्या तीन महिन्यांची आठवण झाली. ओपीडीचं रजिस्टर उघडून मी बसायचो आणि पाड्यावरची माणसं माझ्यासमोरून बडव्याकडे (झाडपाला, मंत्र करणाऱ्याकडे) जायची.

काही प्रसंगांत मात्र गावकरीच हास्यास्पद केलेत, ते मला खटकलं. पेशंट का येत नाही याची कारणं असतात. पाड्यापासून रस्त्यापर्यंत आजही काही ठिकाणी माणसाला बांबूच्या झोळीतून आणावं लागतं. दिवसाची मजुरी बुडते. आणि आधी कुणीतरी दवाखान्यात हिडीसफिडीस केलेली असते, ती आख्ख्या पाड्याला ठाऊक असते.

आपल्याकडे मालिका का नाही, असं विचारलंय. सामग्री तर इथे पडलेली आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात नर्मदेकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालतो, बोटीवरचा. विचार करा: बोटीवर एक डॉक्टर, एक एएनएम सिस्टर आणि नावाडी. किनाऱ्यावर पावरी बोलणारी माणसं उभी. डॉक्टरला येते पुस्तकी मराठी, सिस्टरला अहिराणी, आणि नावाड्याला सगळ्या भाषा येतात. म्हणजे खरी ओपीडी नावाडीच चालवतो! एक दिवस पाणी उतरतं आणि बोट गाळात बसते. लस थंड ठेवायचा डबा डोक्यावर घेऊन तिघं चिखलातून निघतात. यात हसू आहे आणि कुणाचा अपमान नाही.

माझ्या आशाताई एकदा म्हणाल्या, "सर, तुम्ही रागावता तेव्हा त्यांना शब्द कळत नाहीत, पण तोंड कळतं." तेव्हापासून मी आधी बसतो, मग बोलतो.

---

तापीकाठ

सिस्टर, नाना बरे आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू आहे. आखाजीला नातीला झोक्यावर बसवलं, स्वतः झोका दिला, दोनच हात, पण दिला.

जिभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. धागा काढताना मी त्या बाकाचा विचार करायला हवा होता. आमचे नाना घरी आले म्हणून मला ते हसू गोड वाटतं, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

तुमच्याच संदर्भात 'स्क्रब्ज'चा आणखी एक भाग आठवला, पाचव्या सीझनमधला. एका बाईचे अवयव तीन पेशंटांना बसवतात आणि मग कळतं की ती रेबीजनं गेली होती. असं प्रत्यारोपणातून रेबीज होणं २००४ मध्ये टेक्सासमध्ये खरंच घडलं होतं. तिन्ही पेशंट दगावतात. त्यातला शेवटचा अवयवासाठी आणखी थांबू शकला असता. तो जातो तेव्हा इतके दिवस सगळ्यांवर जिभेचे कोरडे ओढणारे डॉक्टर कॉक्स कोसळतात. ज्या मृत्यूत आपली चूक नाही त्याचा दोष घ्यायला लागलास की परत फिरता येत नाही, असं त्यांनीच त्या दिवशी जेडीला सांगितलेलं असतं. जेडी तेच शब्द त्यांना परत देतो. ते ऐकतात आणि तरी निघून जातात. तिथे एकही विनोद नाही. लेखकांना तिथे थांबता आलं, म्हणून त्यांच्या बाकीच्या विनोदांवर माझा विश्वास बसतो.

आपल्या मराठी स्किटमध्ये नेमकं हे थांबणं दिसत नाही. नर्स आली की चालणं-लचकणं, डॉक्टर आला की भली मोठी सुई, पेशंट म्हणजे बँडेज गुंडाळलेला ओरडणारा माणूस. कलाकार गुणी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण १० मिनिटांत हशा पिकवायचा म्हटलं की खाटेवरचा माणूसच सगळ्यात सोपा सापडतो. आणि गावाकडचा पेशंट दाखवायचा तर त्याची बोली हाच विनोद. आमच्या बहिणाबाई आसोद्याच्या, लेवा बोलीत जगण्या-मरण्याचं बोलून गेल्या, आणि ते ऐकून कुणी हसत नाही. बोलीत मोठं दुःख मावतं, हे लेखकांना माहीत असायला हवं.

---

भुसावळ_जंक्शन

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर आम्ही सगळ्या कोरियन 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' बघतो (२०२० आणि २०२१, दोन सीझन). १९९९ च्या बॅचचे पाच मित्र एकाच दवाखान्यात डॉक्टर आहेत आणि फावल्या वेळात बँड वाजवतात, तेही जेमतेम. यात कुणी कुणावर ओरडून हसवत नाही. जेवण अर्धं झालं की फोन वाजतो, ताट तसंच ठेवून पळतात, आणि मागे राहिलेला शांतपणे त्याच्या ताटातलं खातो. आमच्या मेसमध्ये हेच चालतं. त्यातला लहान मुलांचा डॉक्टर गरीब पेशंटांची बिलं गुपचूप भरतो. ते बघून आमच्या खोलीत पाचही जणी रडल्या.

ब्रिटिश 'गेटिंग ऑन'ही बघा, २००९ ची. म्हाताऱ्या बायकांचा वॉर्ड. लिहिणाऱ्यांपैकी आणि काम करणाऱ्यांपैकी जो ब्रँड या आधी दहा वर्षं मनोरुग्णांच्या नर्स होत्या, आणि ते प्रत्येक हालचालीत कळतं. एका खुर्चीवर कुणीतरी शी केलेली असते. ती उचलायची कुणी आणि कुठला फॉर्म भरायचा, यावर केवढं रामायण! हसून हसून पुरेवाट होते. पण ज्या म्हातारीनं ती केली तिला कुणी एक शब्द बोलत नाही.

सिस्टर, चेंजिंग रूमचं मी मैत्रिणींना वाचून दाखवलं. आमच्या वॉर्डात तेवढीही खोली नाही. जिन्याखाली जातो.

---

रातपाळी३४

जिन्याखाली चालेल, बाळा. फक्त वरून नातेवाईक उतरत असतात, आवाज सांभाळ.

---

जिभाऊ_पारोळा

मेहरूणकर आणि सिस्टर, तुमचे प्रतिसाद तीन-चारदा वाचले. 'दाराबाहेर सांडलेलं हसू' हे बरोबर आहे. माझा राग गेला असं म्हणणार नाही, पण तो नेमका कशाचा आहे ते कळलं.

काल तो म्हातारीचा भाग लावला. आईला सांगितलं नाही, ती स्वयंपाकघरात होती. इंग्रजी बोलणं ऐकून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. मला वाटलं आत जाईल. मग विचारलं, ही बाई कोण? मी सांगत गेलो आणि ती खाली बसली. शेवटपर्यंत बसली. दोनदा हसली, एकदा तर त्या यादीच्या वेळी मोठ्यानं.

संपल्यावर एवढंच विचारलं, त्या म्हातारीजवळ कुणी बसलं होतं ना? मी म्हटलं हो, तो डॉक्टर पोरगा बसला होता, बोलत होता तिच्याशी.

मग म्हणाली, आपल्या आबाजवळ (माझ्या धाकट्या भावाजवळ) त्या रात्री एक मावशी बसली होती, तुम्ही सगळे खाली औषधं आणायला गेला होतात तेव्हा. तिनं त्याच्या पायावरचं रक्त पुसलं, चादर घातली. सहा वर्षांत आईनं हे मला पहिल्यांदा सांगितलं.

सिस्टर, मावशींच्या रातपाळीच्या ड्युट्या जुन्या रजिस्टरमध्ये सापडतात का? आईला त्या मावशीला एकदा भेटायचंय.